शितावरून भाषणाची परीक्षा

लाल किल्ल्यावरून घोषणा झाली आणि आम्ही मोबाइल पुढे करून चौकात उभे राहिलो. दहा प्रतिक्रिया मिळाल्या. पण मोजलं काय?

१५ ऑगस्टचा शुक्रवार. इंटर्नशिप सुरू होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. पंतप्रधानांचं भाषण संपल्यावर डेस्कवरून फोन आला, "तरुणांच्या प्रतिक्रिया आण. दहा पुरेत. फोटोसकट, चारच्या आत." मी गाडी काढली आणि निगडीचा भक्ती-शक्ती चौक गाठला. १०७ मीटर उंचीचा ध्वजस्तंभ, त्याखाली सेल्फी काढणारी गर्दी, गालावर तिरंगा रंगवलेली पोरं. प्रतिक्रिया गोळा करायला याहून सोपी जागा कुठली?

दहा मिळाल्या. "छान निर्णय आहे." "तरुणांना फायदा होईल." "घोषणा चांगली, पण अंमलबजावणी व्हायला हवी." हे तिसरं वाक्य तर इतक्या जणांनी दिलं की मला वाटलं, आपण सगळे ते शाळेतच पाठ करतो. खरं सांगायचं तर मी ज्यांना विचारलं त्यातल्या बऱ्याच जणांनी भाषण ऐकलं नव्हतं. मीच आधी सांगायचो, "पहिल्या नोकरीला पंधरा हजार देणार आहेत, काय वाटतं?" मग ते सांगायचे, छान वाटतं. पंधरा हजार मिळणार म्हटल्यावर वाईट कुणाला वाटेल?

रात्री मावसभावाचा फोन आला. तो महाळुंग्याला एका व्हेंडर कंपनीत लाइनवर आहे, माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. म्हणाला, "निगडीत विचारलंस होय? आमच्याकडं नाही आलास ते."

"दादा, सुट्टीच्या दिवशी तिकडं कोण भेटलं असतं?"

"तेच म्हणतोय मी. कुणीच नसतं."

त्याचं बरोबर होतं. आपल्या पट्ट्यातल्या अनेक कंपन्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. १४ ऑगस्टला गुरुवार, १५ला राष्ट्रीय सुट्टी, १६ला दहीहंडी. एखादी रजा टाकली की पोरं थेट गावाला. नानेकरवाडी, खराबवाडी, निघोजेच्या कॉट बेसिसच्या खोल्यांना कुलपं. ज्या पोरांसाठी ती घोषणा होती, ती त्या दिवशी लातूर, बीड, वाशीम, नाहीतर बिहारच्या गाडीत होती. आणि 'तरुणाईची प्रतिक्रिया' मात्र मी निगडीतून पाठवून मोकळा झालो होतो.

तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही. नेता वर्षातून एकदा मोठं भाषण करतो. लाल किल्ल्यावरून असेल, नाहीतर बजेटचं असेल. दुसऱ्या दिवशी आपण सगळे सांगतो की 'जनतेनं स्वागत केलं' किंवा 'जनता नाराज'. हे नक्की कळतं कसं?

आधी बघू, बोलले काय

यंदाचं भाषण १०३ मिनिटांचं होतं. आधीच्या वर्षी ९८ मिनिटांचं, म्हणजे स्वतःचाच विक्रम मोडलेला. इतक्या लांब भाषणाला 'एक प्रतिक्रिया' असूच शकत नाही. सुरक्षा, शेती, सेमीकंडक्टर, ऊर्जा, सगळंच होतं त्यात. पण पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्याला थेट भिडणाऱ्या गोष्टी दोन.

पहिली, 'प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना'. खासगी क्षेत्रात पहिल्यांदा नोकरीला लागणाऱ्याला १५ हजारांपर्यंत रक्कम आणि नवी माणसं घेणाऱ्या कंपनीलाही प्रोत्साहनपर पैसे. दुसरी, दिवाळीच्या सुमारास जीएसटीत मोठी सुधारणा. कुठल्या वस्तूवर किती कर, हे त्या भाषणात नव्हतं. पण गाड्या बनवणाऱ्या गावात 'कर कमी होणार' एवढे तीन शब्दही पुरे होतात.

यातली पहिली घोषणा नवीन होती का? तर नाही. २३ जुलै २०२४च्या बजेटच्या भाषणात ती पहिल्यांदा आली. १ जुलै २०२५ला केंद्रीय मंत्रिमंडळानं ९९,४४६ कोटींच्या तरतुदीसह तिला मंजुरी दिली, तेव्हा नाव वेगळं होतं. १ ऑगस्ट २०२५पासून लागणाऱ्या नोकऱ्यांना ती लागू झाली आणि १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून सांगितली गेली. आता मला सांगा, १५ ऑगस्टच्या टाळ्या कशाला होत्या? योजनेला, तिच्या नव्या नावाला, की ती पहिल्यांदाच ऐकण्याला? मी चौकात उभा होतो तेव्हा मलाच हा इतिहास माहीत नव्हता. विचारणाऱ्याला माहीत नसेल, तर उत्तर देणाऱ्याचं काय घेऊन बसायचं!

टाळ्यांचे मीटर

आपल्या वयाच्या माणसाला प्रतिक्रिया मोजायची म्हटलं की पहिल्यांदा मोबाइल आठवतो. व्ह्यूज किती, ट्रेंडिंगला काय, कमेंट्समध्ये काय चाललंय. आकडे समोर दिसतात, त्यामुळे खरे वाटतात. पण प्रत्येक मीटरची आपली एक गोची आहे.

व्ह्यू म्हणजे व्हिडिओ चालू झाला. तो आवडला की वैतागून पुढे ढकलला, हे त्यात नाही. हॅशटॅग बऱ्याचदा आयटी सेल चालवतात, कुठल्याही पक्षाचे असोत. गूगल ट्रेंड्समध्ये ० ते १०० असा आलेख दिसतो, त्याला आपण माणसांची संख्या समजतो. खरं तर तो फक्त तुलना दाखवतो. ज्या वेळी शोध सगळ्यात जास्त झाला, त्याला १०० धरायचं आणि बाकीचं त्या प्रमाणात. म्हणजे १०० दिसलं तरी शोधणारे शंभर आहेत की एक लाख, ते त्यातून कळत नाही.

मग येतं 'सेंटिमेंट ॲनालिसिस', म्हणजे कमेंट वाचून ती चांगली की वाईट हे सॉफ्टवेअरनं ठरवायचं. यात पुण्याचं नाव अभिमानानं घेण्यासारखं आहे. इथल्या इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांनी 'एल-थ्री-क्यूब' या गटातून २०२१मध्ये 'महासेंट' नावाचा मराठी ट्वीट्सचा संच तयार केला. सुमारे १६ हजार ट्वीट्स, प्रत्येकावर सकारात्मक, नकारात्मक किंवा तटस्थ असा शिक्का. मराठीसाठी हे मोठं काम आहे. पण ती ट्वीट्स घेतली होती महाराष्ट्रातल्या नामवंत मंडळींच्या खात्यांवरून. तिथली मराठी आणि चाकणच्या पोराची कमेंट यांत फरक आहे ना? नेत्याचं ट्वीट म्हणतं, 'ऐतिहासिक निर्णयाबद्दल मनःपूर्वक अभिनंदन.' आपला पोरगा रोमन लिपीत लिहितो, 'व्वा, आता बंगलाच बांधतो.' ही स्तुती आहे की टोमणा, हे चहाच्या टपरीवरच्या काकांना कळतं. मशीनला ते मुद्दाम शिकवावं लागतं.

आणि सगळ्यात मोठी गोची म्हणजे जे गप्प बसलेत ते. रात्रपाळी करून आलेला माणूस कमेंट करत नाही. झोपतो.

शीत कुठलं उचललं?

म्हणून सर्व्हे. आपल्याकडची म्हण आहे, शितावरून भाताची परीक्षा. अख्खा भात चिवडायची गरज नाही, एक शीत दाबून बघा. सर्व्हेचं शास्त्र याच म्हणीवर चालतं. नीट निवडलेल्या हजार माणसांच्या उत्तरात साधारण तीन टक्के इकडे-तिकडे एवढीच चूक अपेक्षित असते, मग देश कितीही मोठा असो.

म्हणीतली अट मात्र आपण विसरतो. शीत कुठूनही उचलता आलं पाहिजे. तळाचा भात करपलाय आणि तुम्ही वरचंच शीत दाबताय, तर परीक्षा कसली? याचं गाजलेलं उदाहरण पत्रकारितेच्या वर्गात सगळेच शिकतात. १९३६ची अमेरिकेची निवडणूक. 'लिटररी डायजेस्ट' या मासिकाकडे सुमारे २४ लाख मतपत्रिका परत आल्या आणि अंदाज साफ चुकला. रूझवेल्ट हरणार म्हणाले होते, ते दणक्यात जिंकले. पत्ते घेतले होते फोन आणि मोटारींच्या याद्यांमधून. मंदीच्या काळात फोन आणि मोटार कुणाकडे होती? शिवाय उत्तर पाठवायची तसदी सगळ्यांनी घेतली नव्हती. माझे दहा आणि त्यांचे २४ लाख, चूक एकाच जातीची.

आता ही अट आपल्या पट्ट्याला लावून बघू.

आपल्याकडे नावाजलेले अभ्यासगट मतदारयादीतून माणसं निवडतात. पद्धत चांगली आहे, कारण यादी सगळ्यांची असते. पण चाकणमध्ये राहणाऱ्या किती पोरांची नावं खेड-आळंदीच्या यादीत आहेत? नाव गावाला, माणूस इथे. गावात सर्व्हेवाला गेला तर आई म्हणते, 'तो कंपनीत असतो.' इथे सर्व्हेवाला आला तर यादीत नावच नाही. दोन्हीकडून हा पोरगा सुटतो. घोषणा त्याच्यासाठी आहे, मोजणीत मात्र तो नाही.

दुसरं, रिझर्व्ह बँक दर दोन महिन्यांनी ग्राहकांचा विश्वास मोजते. नोकऱ्यांची परिस्थिती कशी वाटते, भाव वाढतील का, खर्च वाढवणार का, असे सरळ प्रश्न. भाषणाचा असर मोजायला उत्तम साधन. शहरी पाहणीत १९ मोठी शहरं आहेत. महाराष्ट्रातून मुंबई आणि नागपूर. पुणे नाही, मग पिंपरी-चिंचवड तर दूरच. देशाच्या वाहन उद्योगातल्या सर्वांत मोठ्या पट्ट्यांपैकी एक, आणि 'नोकऱ्यांचं कसं काय?' या प्रश्नाला त्याचं उत्तर त्या आकड्यात नाही.

तिसरी गोष्ट तारखांची. 'इंडिया टुडे' आणि सीव्होटर यांचा 'मूड ऑफ द नेशन' दर ऑगस्टमध्ये येतो. यंदा तो ऑगस्टच्या शेवटी प्रसिद्ध झाला, दोन लाखांहून जास्त मुलाखतींचा आधार घेऊन. टीव्हीवर चर्चा झाल्या, आपणही 'भाषणानंतरचा मूड' म्हणून ते आकडे बघितले. पण मुलाखतींच्या तारखा काय होत्या? १ जुलै ते १४ ऑगस्ट. म्हणजे भाषणाच्या आदल्या दिवशी मोजणी संपलेली! त्यांनी तारखा लपवल्या नव्हत्या, स्पष्ट दिल्या होत्या. आपणच खाली बारीक अक्षरात लिहिलेलं वाचत नाही.

चौथी गोष्ट, ऐकतं कोण? अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांच्या वार्षिक भाषणानंतर सीएनएन लगेच पोल घेतं. त्यात भाषण बहुतेक वेळा 'आवडलेलं' असतं. कारण सीएनएन स्वतःच सांगतं, भाषण बघायला बसतात ते जास्त करून त्याच पक्षाचे लोक. दुसरीकडे गॅलपचे कित्येक दशकांचे आकडे सांगतात की या भाषणानं राष्ट्राध्यक्षांच्या लोकप्रियतेत सहसा फारसा फरक पडत नाही. भाषण एकच, एक मीटर टाळ्या दाखवतो, दुसरा जागचा हलत नाही. दोन्ही आपापल्या जागी खरे.

लोक बोलतात एक, खिसा बोलतो दुसरं

मग मला वाटलं, माणसं काय बोलतात ते सोडून देऊ, ती करतात काय ते बघू. हा मार्ग जास्त रंजक निघाला.

शनिवार-रविवार गेला आणि सोमवारी, १८ ऑगस्टला शेअर बाजार उघडला. सेन्सेक्स ६७६ अंकांनी वर बंद झाला. वाहन कंपन्यांचे शेअर पुढे होते, मारुती तर एका दिवसात जवळपास ९ टक्के उसळला. ही प्रतिक्रिया लगेच आली, आकड्यात आली, कुणी माइक धरावा लागला नाही. पण ती गुंतवणूकदारांची. त्यातही फक्त कराच्या घोषणेची म्हणता येणार नाही. बाजारात त्या दिवशी आणखीही बातम्या होत्या.

शोरूममध्ये मात्र उलटं घडलं. कर कमी होणार हे कळलं, किती ते कळलं नाही. मग शहाणा माणूस काय करेल? थांबेल. वाहन उत्पादकांच्या 'सियाम' या संघटनेच्या आकड्यांनुसार ऑगस्टमध्ये कंपन्यांनी डीलर्सकडे पाठवलेल्या प्रवासी गाड्या आधीच्या ऑगस्टपेक्षा जवळपास ९ टक्क्यांनी घटल्या. आणि हे कधी? यंदा गणपती २७ ऑगस्टलाच आले होते, २०२४मध्ये ७ सप्टेंबरला. म्हणजे खरं तर यंदाच्या ऑगस्टमध्ये जास्त माल भरायला हवा होता. तरी घट. गंमत म्हणजे दुचाकींची पाठवणी त्याच महिन्यात सुमारे ७ टक्क्यांनी वाढली. म्हणजे सगळेच थांबले, असंही म्हणता येत नाही.

३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेची बैठक झाली. छोट्या गाड्या आणि ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा कर २८वरून १८ टक्क्यांवर आला. ३५० सीसीच्या वरच्या दुचाकी ४० टक्क्यांत गेल्या. लागू होणार २२ सप्टेंबरपासून. आता पुन्हा बघा. ७ ते २१ सप्टेंबर पितृपक्ष. त्या पंधरवड्यात आपल्याकडे तसंही कोण नवीन गाडी घेतं? मग सप्टेंबरमधली शांतता कराची की पितरांची? २२ला घटस्थापना आणि नवे दर एकाच दिवशी. गर्दी झाली ती नवरात्राची की सवलतीची? वाहन विक्रेत्यांच्या 'फाडा' संघटनेनं सणासुदीच्या ४२ दिवसांचा हिशेब दिला, ५२ लाखांहून जास्त वाहनं, आधीच्या सणासुदीपेक्षा सुमारे २१ टक्के जास्त. सण दोन्ही वर्षी होते, त्यामुळे ही वाढ नुसत्या सणाची नाही हे मान्य करावं लागतं. पण ती प्रतिक्रिया कमी झालेल्या किमतीला आहे. भाषणाला दिलेली खरी प्रतिक्रिया कुठली म्हणाल, तर ऑगस्टमधलं ते थांबणं.

असंच २०२४च्या जूनमध्येही दिसलं होतं. राज्याच्या बजेटच्या भाषणात २८ जूनला 'लाडकी बहीण' जाहीर झाली. चॅनेलवर चर्चा चालू होत्या, तोवर जुलै उजाडताच दाखल्यांसाठी तहसील आणि सेतू केंद्रांपुढे बायकांच्या रांगा लागल्या. १५ जुलैची मुदत सरकारला ३१ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. तो खरा पोल होता. रांगेत उभं राहायला रोजंदारी बुडते. फुकटचं 'छान आहे' म्हणणं वेगळं आणि एक खाडा करून रांग लावणं वेगळं.

थांबण्याचा हिशेब कोण भरतं?

इथपर्यंत आलो आणि दादाला फोन केला. वाटलं, मस्त निष्कर्ष निघालाय, सांगावा. तो ऐकून घेऊन म्हणाला, "लोक थांबले म्हणजे शेड्यूल पडलं. शेड्यूल पडलं की पहिला ब्रेक कुणाला?"

मला उत्तर माहीत होतं. कंत्राटी पोराला.

साखळी सरळ आहे. शोरूममध्ये गाडी उठली नाही की कंपनी कमी गाड्या पाठवते. मोठी कंपनी व्हेंडरकडून कमी पार्ट मागवते. व्हेंडर ओव्हरटाइम बंद करतो, मग ठेकेदाराला सांगतो, उद्यापासून दहा पोरं कमी पाठव. यंदा कुठल्या कंपनीत किती जणांना असं घरी बसावं लागलं, याचा आकडा कुठेच छापून येत नाही, म्हणून मी तो दावा करत नाही. पण ही साखळी चाकणमध्ये कुणालाही विचारा.

आता हे पंधरा हजारांच्या योजनेशेजारी ठेवून बघा. नियम काय म्हणतात? रक्कम सरसकट १५ हजार नाही. पीएफ ज्या पगारावर कापला जातो त्या एका महिन्याच्या पगाराइतकी, कमाल १५ हजार. दोन हप्त्यांत. पहिला सहा महिने नोकरी टिकल्यावर, दुसरा बारा महिने टिकल्यावर आणि आर्थिक साक्षरतेचा एक छोटा अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर. त्यातला काही भाग बचतीत अडकवला जाणार. सरकारचं उद्दिष्ट दोन वर्षांत साडेतीन कोटी नोकऱ्यांचं आहे, पण त्यातले पहिल्यांदा नोकरीला लागणारे १ कोटी ९२ लाख.

आणि 'पहिली नोकरी' म्हणजे काय? १ ऑगस्ट २०२५च्या आधी तुमचं पीएफ खातं नसलं पाहिजे. आपल्या पट्ट्यात हे किती गुंतागुंतीचं आहे ते बघा. आयटीआय झाल्यावर एखाद्यानं दोन वर्षांपूर्वी ठेकेदाराकडे चार महिने काम केलं, पीएफ कापला गेला, मग ब्रेक मिळाला. आज तो पहिल्यांदा 'नीट' नोकरीला लागतोय. त्याच्या लेखी ही पहिली नोकरी, पीएफच्या लेखी दुसरी. दुसरा पोरगा ॲप्रेंटिस म्हणून लाइनवर आहे, काम तेच करतो. पण कायद्यानं ॲप्रेंटिस हा कर्मचारी नसतो, त्याला पीएफ नाही, म्हणजे तो अजून या योजनेच्या दारातच आलेला नाही.

दादाच्या खोलीत एक विशीतला पोरगा आहे, ऑगस्टमध्येच लागलेला, पीएफ खातं पहिलंच. म्हणजे कागदावर अगदी बसतो. मी त्याला योजना समजावून सांगितली आणि चौकात विचारला तोच प्रश्न विचारला, काय वाटतं? त्यानं 'छान आहे' म्हटलं नाही. त्यानं उलट मलाच विचारलं, "सहा महिने एकाच कंपनीत पाहिजे, की ठेकेदार बदलला तरी चालतं?"

मला सांगता आलं नाही. पण माझ्या दहा प्रतिक्रियांपेक्षा हा एक प्रश्न मोठा होता. १०३ मिनिटांच्या भाषणातून त्याला काय हवंय आणि कशाची भीती वाटतेय, ते त्या एका प्रश्नात आलं. एकाच भाषणानं त्याला सांगितलं की सहा महिने टिक, आणि त्याच भाषणानं गाडी घेणाऱ्याला सांगितलं की थोडं थांब. या दोन्ही गोष्टी त्याच्या लाइनवर एकमेकींना कापू शकतात. हे कुठल्याही मीटरवर दिसणार नाही, कारण दोन्ही घोषणांना लोकांनी 'छान' म्हटलंय.

मग मोजायचं कसं?

मी काही संख्याशास्त्रज्ञ नाही. पण तीन महिने डोकं खाजवल्यावर स्वतःसाठी काही नियम लिहिलेत. कॉलेजात सर्व्हे करणाऱ्यांनाही उपयोगी पडतील.

एक, आधी विचारायचं, ऐकलंत का? नसेल ऐकलं तर 'नाही ऐकलं' हीच प्रतिक्रिया. ती छापायची. 'माहीत नाही' म्हणणाऱ्याला हाकलून पुढच्याकडे जायचं नाही.

दोन, प्रश्नात लाडू ठेवायचा नाही. 'पंधरा हजार मिळणार, आवडलं का?' आणि 'सहा महिने नोकरी टिकली तर पहिला हप्ता मिळेल, तुम्हाला मिळेल असं वाटतं का?' यांची उत्तरं वेगळी येणार.

तीन, जागा आणि पाळी लिहून ठेवायची. भक्ती-शक्ती चौकात सुट्टीच्या दुपारी विचारलं असेल तर तसं लिहायचं, 'तरुणाई' लिहायचं नाही. चाकणचं विचारायचं तर तळेगाव चौकात पाळी सुटताना उभं राहायचं, ट्रॅफिकमध्ये अडकायचं आणि दोन दिवसांनी दुसऱ्या पाळीला पुन्हा जायचं.

चार, भाषणाच्या आधी एकदा आणि नंतर एकदा, त्याच माणसांना विचारायचं. आधीचं माहीत नसेल तर 'भाषणामुळे बदल झाला' म्हणायला आधारच नाही.

पाच, तोंडापेक्षा खाडा, रांग, पासबुक यांच्यावर जास्त विश्वास ठेवायचा. पीएफ कार्यालय दर महिन्याला नव्या सदस्यांचे आकडे देतं, वयोगटानुसार, राज्यानुसार. १८ ते २५ वयोगटाचा आकडा त्यात वेगळा मिळतो. तो बघत राहायचा. फक्त लक्षात ठेवायचं की नवं पीएफ खातं म्हणजे नवी नोकरीच असं नाही. जुन्याच माणसाचा पीएफ आता कापायला लागले असतील, तरी आकडा वाढतो.

एक मोजणी अशी आहे जिथे सॅम्पल लागत नाही, सगळ्यांना विचारलं जातं. मतदान. पण पिंपरी-चिंचवड महापालिकेची २०१७च्या निवडणुकीनंतरची पुढची निवडणूक २०२५मध्येही झालेली नव्हती. २०२२च्या मार्चपासून २०२५मध्येही प्रशासकच होते. म्हणजे २०२५मध्ये २२ वर्षांचे असलेले माझ्यासारखे अनेक जण तोवर शहराच्या कारभाराबद्दल एकदाही 'अधिकृत प्रतिक्रिया' देऊ शकलेले नव्हते.  मोजायची इतकी हौस असलेल्या काळात सगळ्यात पक्का मीटरच इतकी वर्षं बंद होता, याचं आपल्याला फारसं काही वाटलं नाही, हेही नोंदवून ठेवायला हवं.

१ ऑगस्टला लागलेल्या पोराचे सहा महिने जानेवारीअखेर पूर्ण होतील. तोवर पुढच्या बजेटचं भाषण आलेलं असेल, नवी घोषणा असेल आणि कुणीतरी नवा इंटर्न माइक घेऊन चौकात असेल. मी दादाच्या खोलीतल्या पोराला विचारून त्याचा नंबर घेऊन ठेवलाय. फेब्रुवारीत, त्याच्या पाळीची वेळ बघून, महाळुंग्याला जाणार आहे. तेव्हा 'काय वाटतं?' विचारणार नाही. तू अजून त्याच कंपनीत आहेस का आणि खात्यात काही आलं का, एवढंच विचारायचंय.